१९२३ ची महागाई, १९३१ ची मंदी आणि हिटलर: गल्लत नेमकी कुठे होते

जर्मनीत नोटा हातगाडीवरून न्याव्या लागायच्या, लोक नोटा जाळून चूल पेटवायचे, आणि म्हणून हिटलर आला. शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सअॅपपर्यंत ही गोष्ट याच क्रमाने सांगितली जाते. त्यातली महागाई खरी आहे, हिटलरही खरा आहे, पण मधलं ‘म्हणून’ टिकत नाही. नोटांची महागाई नोव्हेंबर १९२३ मध्ये थांबली. हिटलर चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) झाला ३० जानेवारी १९३३ ला. मधल्या काळात, मे १९२८ च्या निवडणुकीत, त्याच्या पक्षाला २.६ टक्के मतं आणि ४९१ पैकी १२ जागा मिळाल्या होत्या. महागाईने होरपळलेली माणसं तेव्हाही मतदार होतीच की!

१९३० ते १९३२ मध्ये जर्मनीवर जे ओढवलं ते बरोबर उलट्या जातीचं संकट होतं. किमती उतरत होत्या, पगार कापले जात होते, बँकांना कुलपं लागत होती आणि साठ लाख माणसं कामाविना बसली होती. पहिल्या संकटाचा दुसऱ्याशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने: दुसरं संकट हाताळणाऱ्यांच्या डोक्यात पहिलंच घोळत होतं.

नोटा छापायची सवय कशी लागली

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मनीने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. तेव्हा एका डॉलरला ४.२० मार्क पडत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्धाचा खर्च करांतून काढणं केंद्र सरकारला जमण्यासारखं नव्हतं, कारण आयकर तेव्हा घटक राज्यांच्या हातात होता. म्हणून दर सहा महिन्यांनी युद्धकर्जाचे रोखे काढले गेले. असे नऊ वेळा काढून सुमारे ९८ अब्ज मार्क जमवले (एक अब्ज म्हणजे १०० कोटी). शिक्षक, डॉक्टर, विधवा, निवृत्त कारकून, सगळ्यांनी देशासाठी म्हणून आणि व्याजासाठी म्हणून पैसे घातले. जिंकल्यावर हरलेल्या देशांकडून वसूल करायचं, असा सरकारचा हिशेब होता.

रोख्यांतून भागेना तिथे ट्रेझरी बिलं आली. अर्थखातं तीन महिन्यांच्या मुदतीचं बिल लिहायचं, राइशबँक म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक ते वटवून नोटा हातात ठेवायची, आणि मुदत भरली की जुनं बिल फेडायला नवं बिल लिहिलं जायचं. युद्ध संपलं तेव्हा चलन पाचपट झालं होतं. किमती त्या मानाने कमी चढल्या होत्या, कारण रेशनिंग होतं, किमतींवर नियंत्रण होतं आणि दुकानात घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

नोव्हेंबर १९१८ नंतर खर्च उतरायच्या ऐवजी वाढला. अपंग सैनिक, विधवा, अनाथ मुलं यांची पेन्शनं, परतलेल्या सैनिकांना काम, स्वस्त धान्याचं अनुदान. अर्थमंत्री माटिआस एर्झबेर्गर यांनी १९१९-२० मध्ये आयकर केंद्राकडे आणला, श्रीमंतांवरचा दर ६० टक्क्यांपर्यंत नेला. कागदावर ही सुधारणा उत्तम होती. पण कर ठरतो मागच्या कमाईवर आणि भरला जातो काही महिन्यांनी. किमती वाढत असतील तर तेवढ्या वेळात भरणाऱ्याचा बोजा हलका होतो आणि सरकारच्या हाती चिल्लर येते. त्यामुळे जो कर उशिरा भरेल त्याचा फायदा. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जाई, त्याला ही सोय नव्हती. कारखानदाराला होती. खुद्द एर्झबेर्गर यांचा ऑगस्ट १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी खून केला.

युद्धभरपाईचं खरं ओझं

मे १९२१ मध्ये युद्ध जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी लंडनमध्ये युद्धभरपाईचा आकडा ठरवला: १३२ अब्ज गोल्डमार्क (म्हणजे युद्धाआधीच्या सोन्याच्या किमतीचे मार्क). हा आकडा सगळीकडे छापला जातो, त्याची फोड सहसा दिली जात नाही. अ, ब आणि क अशा तीन गटांच्या रोख्यांत ही रक्कम विभागली होती. अ आणि ब मिळून ५० अब्ज होते. उरलेले ८२ अब्ज ‘क’ गटात, जे कधी वसूल होतील अशी आशा ठरवणाऱ्यांनाही नव्हती. ती रक्कम फ्रेंच आणि ब्रिटिश मतदारांना दाखवण्यासाठी होती. प्रत्यक्ष हप्ता होता वर्षाला २ अब्ज गोल्डमार्क, अधिक निर्यातीच्या किमतीच्या २६ टक्के.

हेही कमी नव्हतं. शिवाय हा हप्ता सोन्यात, परकीय चलनात किंवा कोळसा-लाकूड अशा मालात द्यायचा होता. कागदी मार्क कोणी घेत नव्हतं. १९२१ च्या उन्हाळ्यात पहिले एक अब्ज भरताना जर्मनीने बाजारात मार्क विकून पौंड-डॉलर घेतले. साहजिकच मार्क पडला. मे १९२१ मध्ये डॉलर साठेक मार्कांना होता, नोव्हेंबरात २६० च्या पुढे गेला.

मग महागाई युद्धभरपाईमुळे झाली का? जर्मन नेते तेव्हा तसंच सांगत. पण भरपाई वजा केली तरी अंदाजपत्रकात खड्डा होताच, आणि तो करांनी भरायची तयारी कुठल्याच सरकारची नव्हती. भरपाईने दुसरं एक नुकसान केलं. जास्त कर गोळा केला तर तो फ्रान्सलाच जाणार, मग कशाला करायचा, ही सबब प्रत्येक पक्षाला आयती मिळाली.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. १९२१-२२ मध्ये ही महागाई जर्मनीतल्या बऱ्याच जणांना सोयीची होती. ब्रिटन आणि अमेरिकेत मंदी होती; जर्मनीत मार्क स्वस्त म्हणून निर्यात जोरात आणि कामगार संघटनांच्या सभासदांत बेरोजगारी १९२२ मध्ये दोन टक्क्यांच्या आत. संप झाला की मालक पगारवाढ द्यायचा आणि किंमत वाढवून वसूल करायचा. क्रांती, बंड आणि राजकीय खून पाहिलेल्या देशात हा समेट मोडायची हिंमत कोणी करत नव्हतं.

१९२२ चा उन्हाळा: हात सुटला तो इथे

२४ जून १९२२ ला परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ यांना बर्लिनमध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय बँकर्सच्या समितीने सांगितलं होतं की भरपाईचा आकडा कमी झाल्याशिवाय जर्मनीला मोठं कर्ज मिळणार नाही. तोवर परदेशी लोक ‘कधीतरी मार्क वर येईल’ या आशेने मार्क घेऊन ठेवत होते, म्हणजे एक प्रकारे जर्मनीचा खर्च तेच उचलत होते. ती आशा संपली आणि सगळे एकदम विकायला निघाले.

यात राइशबँकेचं वागणं समजून घेण्यासारखं आहे. अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन हे जुन्या वळणाचे, सचोटीचे अधिकारी. त्यांचं मत असं की किमती वाढल्या आहेत त्या मार्क पडल्यामुळे. बाजाराला जास्त नोटांची गरज आहे, ती भागवणं आमचं काम. जुलै १९२२ पर्यंत राइशबँकेचा व्याजदर ५ टक्क्यांवरच होता. त्याचा अर्थ काय होतो ते हिशेबाने बघा. एका कारखानदाराने जुलै १९२२ मध्ये १० लाख मार्क कर्ज घेतलं. महिन्याचा सरासरी दर डॉलरला ४९३, म्हणजे साधारण २,००० डॉलर. त्यात त्याने यंत्रं घेतली. डिसेंबरात दर ७,५८९ झाला. कर्ज अजून १० लाखच, म्हणजे १३२ डॉलर. यंत्रं जवळपास फुकट पडली. ही रक्कम आकाशातून पडलेली नव्हती. बचत खात्यात मार्क ठेवून बसलेल्यांच्या खिशातून ती आली होती. कोर्टही ‘मार्क म्हणजे मार्क’ या तत्त्वाला धरून होतं: घेतलेल्या मार्काएवढे मार्क परत केले की कर्ज फिटलं.

११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूर खोऱ्यात शिरलं, कारण ठरल्याइतके टेलिग्राफचे खांब आणि कोळसा आला नव्हता. जर्मन सरकारने असहकार पुकारला. कामगार घरी बसले, त्यांचे पगार सरकार देणार. जर्मनीचा बहुतेक कोळसा आणि पोलाद याच खोऱ्यातलं. तिथलं करउत्पन्न थांबलं, कोळसा परदेशातून डॉलर देऊन आणावा लागला आणि लाखो लोकांचे पगार नोटा छापून दिले गेले. मार्क पुरता घसरला: जुलै १९२३ मध्ये डॉलरला ३,५३,४१२, ऑगस्टमध्ये ४६ लाख, सप्टेंबरात जवळपास १० कोटी, ऑक्टोबरात २,५०० कोटींच्या वर, आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. बर्लिनमध्ये पावाचा लोफ २०,००० कोटींच्या घरात गेला.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ असा की पगार आधी आठवड्याला, मग रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा होऊ लागला. नवा डॉलर-दर जाहीर होण्याआधी पगार खर्च करायचा, नाहीतर तो निम्म्यावर यायचा. राइशबँकेने शंभरावर खासगी छापखाने आणि तीसेक कागद गिरण्या कामाला लावल्या, तरी नोटा कमी पडत, म्हणून नगरपालिका आणि कारखाने स्वतःच्या नोटा काढत. नोटांचा पूर होता आणि तरी पैसा कमी होता, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण युद्धाआधी देशात साधारण ६ अब्ज गोल्डमार्कांचं चलन होतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये सगळ्या कागदी नोटांची मिळून किंमत त्याच्या काही टक्केच उरली. छपाईपेक्षा किमती वेगाने पळत होत्या. शेतकरी कागद घेऊन बटाटे द्यायला तयार नव्हता, त्यामुळे शहरात उपासमार आणि खेड्यात कोठारं भरलेली. कारखानेही बंद पडू लागले. वर्षअखेर संघटित कामगारांत चारातला एक बेकार होता. महागाई रोजगार देते हा भाग संपला होता.

रेंटेनमार्कची युक्ती, आणि तिच्यामागची कात्री

ऑगस्टमध्ये गुस्ताव श्ट्रेझमान चॅन्सेलर झाले. २६ सप्टेंबरला त्यांनी रूरमधला असहकार मागे घेतला. उजव्यांनी गद्दार म्हटलं. म्युनिकमधलं हिटलरचं फसलेलं बंड ८-९ नोव्हेंबरचं, याच वातावरणातलं.

१५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क नावाची नवी नोट आली. १ रेंटेनमार्क म्हणजे १ लाख कोटी कागदी मार्क. बारा शून्यं पुसली की डॉलर पुन्हा ४.२० वर. हा दर मुद्दाम गाठला होता, ४.२ लाख कोटीपर्यंत मार्क पडू दिला आणि तिथे खुंटा ठोकला.

या नोटेमागे देशातली शेतजमीन आणि उद्योग तारण आहेत असं सांगण्यात आलं. लोकांना ते पटलं, पण खरं तर या तारणाला फार अर्थ नव्हता. नोट घेऊन जाऊन कोणाला एकरभर जमीन मिळत नव्हती. फार तर ५०० रेंटेनमार्क देऊन ५ टक्के व्याजाचा रोखा घेता येत होता. काम केलं ते कात्रीने. नोटांची कमाल मर्यादा २.४ अब्ज ठरली, त्यातले सरकारला १.२ अब्ज आणि तेही एकदाच. राइशबँकेने त्याच दिवसापासून सरकारची ट्रेझरी बिलं वटवणं बंद केलं. कर सोन्याच्या किमतीत मोजले जाऊ लागले. सरकारी नोकरांची मोठी कपात झाली. पालिकांच्या आणि कारखान्यांच्या नोटा राइशबँकेने घेणं थांबवलं, म्हणजे तो नळही बंद. डिसेंबरात सरकारने आणखी उचल मागितली, ती नाकारली गेली. कोलोनच्या काळ्या बाजारात डॉलर ११ लाख कोटींच्या पुढे गेला होता, तिथले सट्टेवाले या टंचाईत बुडाले आणि दर खाली आला.

हे करणारी नावं लक्षात ठेवायची: अर्थमंत्री हान्स लुथर, त्यांच्याआधीचे समाजवादी अर्थमंत्री रुडोल्फ हिल्फर्डिंग, आणि चलन आयुक्त ह्यालमार शाख्त. हावेनश्टाइन २० नोव्हेंबरला वारले आणि शाख्त त्यांच्या जागी आले. हे तिघंही पुढे पुन्हा भेटणार आहेत.

हिशेब कोणाचा कसा मिटला, याला एक आकडा पुरेसा आहे. सरकारचं युद्धाचं अंतर्गत कर्ज १५४ अब्ज मार्क होतं. १५ नोव्हेंबर १९२३ ला त्याची किंमत झाली १५.४ फेनिग, म्हणजे सोळा पैसेसुद्धा नाहीत. गहाण फेडून मोकळा झालेला जमीनदार, शहरी घरमालक (भाडं मात्र गोठवलेलं होतं), कर्ज काढून कारखाने घेणारा ह्यूगो श्टिनेससारखा उद्योगपती, हे सुटले. व्याजावर आणि पेन्शनवर जगणारे संपले. १९२५ च्या कायद्याने गहाणखतांची किंमत २५ टक्के आणि सरकारी रोख्यांची २.५ टक्के धरून थोडी भरपाई दिली. त्याने राग शमला नाही, उलट सरकारने आपली फसवणूक केली हे जणू लेखी मिळालं. मधल्या वर्गाचे मतदार जुन्या उदारमतवादी पक्षांतून निघून घरमालकांचा पक्ष, धनकोंचा पक्ष अशा छोट्या छोट्या पक्षांकडे गेले. महागाईचा राजकीय परिणाम शोधायचा तर तो इथे आहे. ते लगेच नाझींकडे गेले नाहीत, पण जुनं घर सोडून रस्त्यावर आले. मे १९२४ मध्ये नाझी आणि त्यांचे मित्र यांच्या यादीला ६.५ टक्के मिळाले, डिसेंबरात ३ टक्के, आणि १९२८ चा आकडा वर दिलाच आहे.

उसनी पाच वर्षं

१९२४ च्या डॉज योजनेने युद्धभरपाईचा हप्ता पहिल्या वर्षी १ अब्जावर आणला, ८० कोटी गोल्डमार्कांचं कर्ज मिळालं, आणि त्यापाठोपाठ अमेरिकन पैसा ओतला जाऊ लागला. नगरपालिकांनी पोहण्याचे तलाव, ट्राम, कामगारांच्या वसाहती बांधल्या. त्यातलं बरंच कर्ज अल्पमुदतीचं होतं आणि बँकांनी ते दीर्घ मुदतीच्या कामांत घातलं होतं. नोटांमागे ४० टक्के सोनं किंवा परकीय चलन हवं, अशी कायद्याची अटही होती. सावकाराने पैसे परत मागितले की बँक आणि चलन दोन्ही एकदम अडचणीत, अशी ही बांधणी होती.

१९२७ मध्ये बेरोजगारी विमा आला. पगाराच्या ३ टक्के, मालक-कामगार निम्मे निम्मे. या वर्गणीतून साधारण ८ लाख बेकारांना भत्ता देता येईल असा अंदाज होता. १९२८-२९ च्या कडक हिवाळ्यातच बेकार ३० लाखांच्या आसपास गेले, आणि वॉल स्ट्रीटची पडझड त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी झाली. वर्गणी साडेतीन टक्के केली, मग ४ टक्के करायची की भत्ता कापायचा यावर समाजवादी नेते हेर्मान म्यूलर यांचं आघाडी सरकार २७ मार्च १९३० ला पडलं. बहुमत असलेलं वायमार प्रजासत्ताकाचं (हिटलरच्या आधीच्या लोकशाही जर्मनीचं) ते शेवटचं सरकार. अर्ध्या टक्क्यासाठी! अर्थात उद्योगपतींना आणि अध्यक्ष हिंडेनबर्गभोवतीच्या लष्करी मंडळींना समाजवादी सत्तेत नकोच होते, हेही तितकंच खरं.

संसद बाजूला कशी पडली

नवे चॅन्सेलर हाइनरिश ब्र्यूनिंग यांच्याकडे बहुमत नव्हतं. त्यांच्याकडे राज्यघटनेची तीन कलमं होती. कलम ५३: चॅन्सेलर अध्यक्ष नेमतो. कलम ४८: संकटात अध्यक्ष अध्यादेश काढू शकतो, पण संसदेने म्हणजे राइशटागने साध्या बहुमताने मागणी केली तर तो रद्द करावा लागतो. कलम २५: अध्यक्ष राइशटाग बरखास्त करू शकतो, मग ६० दिवसांत निवडणूक. सुटं सुटं पाहिलं तर तिन्ही ठीक आहेत. एकत्र जोडली की संसदेने अध्यादेश रद्द करायचा आणि अध्यक्षाने संसदच रद्द करायची, असा खेळ होतो.

जुलै १९३० मध्ये नेमकं तेच झालं. अंदाजपत्रक नामंजूर झालं, ब्र्यूनिंग यांनी ते अध्यादेशाने आणलं, १८ जुलैला राइशटागने अध्यादेश रद्द करायला लावला, त्याच दिवशी राइशटाग बरखास्त झाली आणि अध्यादेश थोडा बदलून पुन्हा निघाला. १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ जागांवर गेले. बेकारी ३० लाख होती तेव्हा ही निवडणूक घेणं ब्र्यूनिंग यांना टाळता आलं असतं, आणि माझ्या मते त्या साऱ्या काळातली ही सगळ्यात महागडी चूक आहे. त्यानंतर समाजवादी पक्ष ब्र्यूनिंग यांचे अध्यादेश मुकाट चालू देऊ लागला, कारण पाडले तर पुन्हा निवडणूक आणि आणखी नाझी. १९३० मध्ये राइशटागने ९८ कायदे केले आणि ५ अध्यादेश निघाले. १९३२ मध्ये कायदे ५, अध्यादेश साठेक.

जुलै १९३१: बँकांचा सोमवार

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआनश्टाल्ट बँक बुडाली. ब्र्यूनिंग यांनी ६ जूनला, नव्या कपातीचा अध्यादेश काढताना, जोडीला जाहीर निवेदन दिलं की आता युद्धभरपाई झेपत नाही. भरपाई थांबवायला जगाचं मन वळवायचं होतं. परदेशी सावकारांनी त्याचा अर्थ घेतला की हा देश बुडतोय, पैसे काढा. अमेरिकन अध्यक्ष हूव्हर यांनी २० जूनला सगळ्या हप्त्यांना वर्षभराची सवलत सुचवली, पण फ्रान्सला मनवण्यात दोनेक आठवडे गेले.

तेवढ्यात ब्रेमेनच्या नॉर्डवोल या लोकर कंपनीचा लपवलेला तोटा उघडा पडला. तिला भरमसाट कर्ज देणारी डानाट बँक गोत्यात आली. राइशबँकेचं सोनं ४० टक्क्यांच्या रेषेला टेकलं, म्हणजे बँकांना वाचवायला नव्या नोटा देता येईनात. बँकेचे अध्यक्ष होते हान्स लुथर, १९२३ चे अर्थमंत्री. ते विमानाने लंडन आणि पॅरिसला कर्ज मागायला गेले आणि रिकाम्या हाताने आले. १३ जुलैला, सोमवारी, डानाट बँक उघडली नाही. इतर बँकांसमोर रांगा लागल्या. दोन दिवस सगळ्या बँका बंद ठेवल्या, परकीय चलनावर सरकारी ताबा आला, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला राइशबँकेचा व्याजदर १५ टक्के झाला. किमती उतरत असताना १५ टक्के!

इथे १९२२ चा हिशेब उलटा करून बघा. समजा एका दुकानदाराची महिन्याची विक्री १,००० मार्क आहे आणि कर्जाचा हप्ता १००. किमती आणि गिऱ्हाईक दोन्ही घटून विक्री ६०० वर आली, हप्ता शंभरच. तेव्हा कर्ज विरघळत होतं, आता ते दर महिन्याला जड होत होतं. शेतकऱ्याचं तेच, आणि जप्तीचा लिलाव त्याच्या दारात.

ब्र्यूनिंग यांचं उत्तर होतं: अंदाजपत्रक जमवायचं, सगळं कापायचं. सरकारी नोकरांचे पगार तीनदा कापले, मिळून जवळपास पाचवा हिस्सा. ८ डिसेंबर १९३१ च्या चौथ्या अध्यादेशाने देशभरातले पगार जानेवारी १९२७ च्या पातळीवर नेले. ठरलेल्या किमती आणि भाडी १० टक्के कमी करायचा हुकूम झाला. प्रत्येकाचा पगार कापला की प्रत्येकाचं गिऱ्हाईकही कापलं जातं, करउत्पन्न पुन्हा घटतं, पुन्हा कपात. १९३२ मध्ये कारखान्यांचं उत्पादन १९२८ च्या साठ टक्क्यांच्या आसपास आलं. फेब्रुवारी १९३२ मध्ये नोंदलेले बेकार ६१ लाख.

बेकाराची उतरण तीन पायऱ्यांची होती. आधी विम्याचा भत्ता, मूळचे २६ आठवडे. तो आधी २० आठवड्यांवर आणि जून १९३२ मध्ये सहा आठवड्यांवर आणला, पुढे घरची परिस्थिती तपासून. मग संकटकालीन मदत, रक्कम कमी. मग नगरपालिकेची गरिबांची मदत, जिथे घरात काय विकण्यासारखं आहे, पोरगा कमावतो का, हे पाहिलं जाई, आणि मिळालेली रक्कम तत्त्वतः पुढे परत करायची. १९३३ च्या सुरुवातीला ६० लाखांपैकी विम्याचा भत्ता मिळणारे १० लाखांच्या आतच होते. केंद्राचं अंदाजपत्रक सावरलं, पालिका दिवाळखोर झाल्या.

दुसरा मार्ग का धरला नाही

मार्क स्वस्त करावा, तर परदेशी कर्ज डॉलर आणि सोन्यात, ते वाढलं असतं. शिवाय युद्धभरपाईच्या करारांनी सोन्याचा दर बांधलेला. कर्ज काढून कामं सुरू करावीत, तर कर्ज देणारं कोणी नाही, आणि राइशबँकेला सरकारला पैसे द्यायची कायद्याने जवळजवळ बंदी, १९२३ च्या धड्यानेच घातलेली. तरी योजना होत्या. कामगार संघटनांसाठी वोयटिन्स्की, टार्नो आणि बाडे यांनी १९३२ च्या सुरुवातीला २ अब्ज मार्कांची कामं काढून १० लाखांना रोजगार द्यायचा आराखडा मांडला. तो आपल्याच बाजूच्या समाजवादी पक्षात अडला, आणि अडवणाऱ्यांत पुढे होते हिल्फर्डिंग. महागाईची भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती. किमती कोसळत असताना महागाईची भीती!

ब्र्यूनिंग यांच्या हाती पर्याय होता की नव्हता, यावर क्नुट बोरशार्ट या इतिहासकाराने १९७९ मध्ये ‘फारसा नव्हता’ असं मांडल्यापासून वाद चालू आहे. जुलै १९३१ पर्यंत बोरशार्टचं म्हणणं पटतं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडल्यानंतर मात्र हात पूर्ण बांधलेले नव्हते, आणि डिसेंबरचा अध्यादेश त्यानंतरचा आहे. ब्र्यूनिंग यांना जर्मनी किती हलाखीत आहे हे दाखवून युद्धभरपाई रद्द करून घ्यायची होती. ती जुलै १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत जवळपास रद्द झालीही. पण त्याआधी ३० मे ला हिंडेनबर्ग यांनी त्यांना काढलं होतं.

मतं कुठून आली? नवे बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. त्या पक्षाची मतं नोव्हेंबर १९३२ मध्ये १६.९ टक्के होती. युर्गेन फाल्टर यांच्या मतदान-अभ्यासातून दिसतं की नाझींचा जोर प्रोटेस्टंट खेड्यांत आणि छोट्या गावांत होता. शेतकरी, दुकानदार, कारागीर, नोकरदार, पेन्शनर, आणि कामगारही बऱ्यापैकी. कॅथलिक भाग बराच काळ आपल्या सेंटर पक्षाला धरून राहिला. १९२४ नंतर जुन्या पक्षांतून बाहेर पडलेले मधल्या वर्गातले लोक या गर्दीत सापडतात. जुलै १९३२ ला नाझी ३७.३ टक्के, ६०८ पैकी २३० जागा.

नोव्हेंबर १९३२ मध्ये ते ३३.१ टक्क्यांवर घसरले. मंदीचा तळ तोवर गाठून झाला होता. मतं उतरत असताना हिटलर आत आला तो माजी चॅन्सेलर पापेन आणि हिंडेनबर्ग यांच्या भोवतीच्या माणसांच्या वाटाघाटींतून. आपण याला काबूत ठेवू असं त्यांना वाटत होतं. कामांसाठीचे पहिले ५० कोटी मार्क हिटलरच्या आधीचे चॅन्सेलर श्लायशर यांनी मंजूर करून ठेवले होते, त्यांचं श्रेय नव्या सरकारने घेतलं.

मार्च १९३३ मध्ये लुथर जाऊन राइशबँकेत शाख्त परतले. १९३४ पासून शस्त्रखरेदीसाठी त्यांनी ‘मेफो’ नावाची, १० लाख मार्क भांडवलाची नाममात्र कंपनी वापरली. कारखानदार तिच्या नावावर हुंडी लिहायचा, राइशबँक ती वटवायची. सरकारी अंदाजपत्रकात काही दिसत नव्हतं. १९३८ पर्यंत अशा हुंड्या १२ अब्जांच्या झाल्या. जानेवारी १९३९ मध्ये शाख्त आणि राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला चलनफुगवट्याचा लेखी इशारा दिला आणि शाख्त यांची नोकरी गेली. किमती हुकमाने गोठवलेल्या असल्यामुळे हा फुगवटा दुकानात दिसला नाही, बचत खात्यांत साचत गेला. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत चलन बदललं तेव्हा खात्यातल्या जुन्या १०० राइशमार्कांचे शेवटी नवे साडेसहा डॉइच मार्क मिळाले.